नॉनबीटीची बाटली

माझी बायको ही गोष्ट सांगते तेव्हा तिच्यात मी फार चांगला माणूस असतो. खामगावला डायलिसिसच्या बाकावर बसून ती शेजारच्या बाईला सांगते, ती बाई माझ्याकडं पाहते, आणि मी आपल्या चपलेकडं पाहतो. म्हणून ती गोष्ट जशी घडली तशी एकदा लिहून ठेवतो. माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यातली अर्धी ढोरं राखण्यात गेली. अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं.

आमचं गाव वरवट बकालच्या पुढं, खारपाणपट्ट्यात. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. तेच पाणी माझा बाप प्याला, त्याचा बाप प्याला, आणि मीही छाती काढून सांगत असे की आपलं पाणी जरा खारट आहे, बाकी त्याला काही झालेलं नाही. पण गावात एकेकाच्या पायावर सूज चढत गेली. किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन, हा शब्द शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायासुद्धा नीट म्हणू लागल्या. कोणी भेटलं की आधी विचारत, किती निघालं?

बोंडअळीला मारणारी बीटी सरकी येऊन बरीच वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. मोठ्या शहरातल्या मेडिकल कॉलेजातली एक डॉक्टरीणबाई आमच्या गावात आली. वयानं माझ्या नातीएवढी. शाळेच्या ओसरीवर तिनं माणसं जमवली. खुर्ची एकच होती, ती मला दिली गेली. त्यात नवल नव्हतं. गावात बीटीचं पहिलं पाकीट मीच आणलं होतं, आणि मी हो म्हटल्याशिवाय आमच्या आळीत कोणी नव्या गोष्टीला हात लावत नसे.

ती म्हणाली, ज्यांची किडनी नुकती बिघडायला लागली आहे अशांवर एका गोळीचा उपयोग होतो का, हे आम्हाला शिकायचं आहे. अर्ध्या लोकांना खरी गोळी मिळेल, अर्ध्यांना दिसायला अगदी तशीच साधी गोळी, जिच्यात औषध नसतं. कोणाच्या बाटलीत काय आहे ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही. वर्ष संपलं की उघडून पाहू.

माणसं एकमेकांकडं पाहू लागली. साधी गोळी द्यायची तर देताच कशाला, असं मागून कोणीतरी पुटपुटलं. मी उठलो.

"मॅडम, म्हनजे अर्ध्याइले बीटी अन् अर्ध्याइले नॉनबीटी?"

तिला ते कळलं नाही. मग मी समजावलं. बीटी सरकीच्या पाकिटासंगं एक लहान पुडी येते, साध्या सरकीची. ती धुऱ्याधुऱ्यानं, वावराच्या चारी बाजूनं पेरायची असते. अळीनं ती खावी, तिथं जगावं, म्हणजे मधल्या बीटीची तिला सवय लागत नाही. धुऱ्यावरची ती तासं, म्हणजे ओळी, वाया गेल्यासारखी दिसतात, पण त्यांच्या जिवावर मधलं पीक टिकतं. साधी गोळी खाणाराही तसाच. तो नसला तर खऱ्या गोळीनं काय केलं ते कळणार कसं?

डॉक्टरीणबाईनं ते हातातल्या वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, हे मी पुढच्या गावात सांगितलं तर चालेल?"

मी म्हटलं, खुशाल सांगा. पुढं तिनं ते गावोगाव सांगितलं. मला लय मोठेपणा वाटला. फक्त एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. ती लहान पुडी मी स्वतः एकाही वर्षी पेरली नव्हती. पाकीट फोडलं की पुडी उकिरड्यावर. अळीसाठी तासं सोडायला माझं वावर काही धर्मशाळा नव्हती.

त्या दिवशी माझ्या मागं निम्म्या आळीनं सह्या केल्या. माझ्या आणि माझ्या बायकोच्या, दोघांच्याही रक्तात बिघाड निघाला होता, म्हणून आम्ही दोघंही घेतले गेलो. मी सही केली, तिनं अंगठा. मला प्रेशर होतं, तिला नव्हतं. डॉक्टरीणबाईनं निघताना बजावलं की खरी गोळी प्रेशर उतरवते, म्हणून प्रत्येकाला तपासून देतो आहोत, घरातल्या घरात बाटल्यांची अदलाबदल करू नका. मी मान हलवली. ती मान मला अजून आठवते.

बाटल्या सारख्याच होत्या. चिठ्ठीवर नंबर तेवढा वेगळा. बायकोला आकडे वाचता येत नाहीत, तिनं आपल्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधला. दोन्ही बाटल्या देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात. गोळीसोबत पथ्यही सांगितलं होतं. मीठ कमी, लोणचं-पापड बंद, विहिरीचं पाणी बंद, टँकरचं गोडं पाणी प्यायचं. बायकोनं ते सगळं देवाची आज्ञा मानल्यासारखं पाळलं. टँकर आला की हंडा घेऊन पहिली. मी मात्र ठेच्याशिवाय भाकर मोडली नाही, आणि विहिरीचं पाणी तर हट्टानं प्यालो. गोळी खातो तेवढं पुरे, असं मी म्हणत असे.

तिसऱ्या महिन्यात तिच्या पायाची सूज उतरली. घोटे दिसू लागले. चेहराही उजळला. माझे पाय तसेच, अंगठ्यानं दाबलं की खळगा पडायचा. आमच्या ओट्यावर बसणारा एक जुना दोस्त होता, त्यानं एके दिवशी माझ्या पायाकडं पाहून हटकलं.

"काय बे, वहिनीले बीटी भेटली अन् तुले नॉनबीटी का?"

सगळे हसले. मीही हसलो. पण ते बोलणं काट्यासारखं रुतून बसलं. साऱ्या गावाला बीटी दाखवणारा माणूस, आणि आपणच धुऱ्यावर? अळीच्या वाट्याला? चार दिवस मी ते मनात घोळवलं. स्वतःला एक हिशेबही पटवून दिला की घर माझ्यावर चालतं, वावर मी पाहतो, मी पडलो तर तिचं कोण. हे सगळं नंतरचं. आधी फक्त चीड होती.

महिना सरत आला होता तेव्हा एका दुपारी ती दळण घेऊन चक्कीवर गेली. मी दोन वाट्या घेतल्या. एका वाटीत तिच्या गोळ्या ओतल्या, दुसरीत माझ्या. मग तिच्या माझ्या बाटलीत भरल्या आणि माझ्या तिच्या लाल दोऱ्याच्या बाटलीत. बाटल्या बदलल्या असत्या तर नंबरावरून पकडलो गेलो असतो, म्हणून गोळ्याच बदलल्या. स्वतःच्या अकलेचं मला कौतुक वाटलं. वाट्या धुऊन पालथ्या घातल्या. तिच्यासाठी ठेवलेली गोष्ट मी काढून घेतली, हे मनात आलं नाही असं म्हणणार नाही. आलं होतं. आलं, आणि मी वाट्या धुतल्या.

महिना संपला तशी नर्स उरलेल्या गोळ्या मोजायला आली. तिनं दोन्ही बाटल्या ताटात वेगवेगळ्या ओतल्या. बायकोला म्हणाली, आजी, तुमची एकही गोळी चुकलेली नाही, शाबास. मग माझ्याकडं वळली. बाबा, तुमच्या चार जास्त उरल्या, चार दिवस गोळी खाल्ली नाही तुम्ही. मी भडकलो. माझी एकही चुकलेली नव्हती. मी तिला म्हटलं, मोजता येत नसेल तर ताट इकडं दे. तिनं पुन्हा मोजल्या, मीही मोजल्या. चार जास्तच. मला काही उलगडेना. बायको दाराशी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर करून माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा सुपात नजर घातली. मला वाटलं, माझा पाणउतारा झाला म्हणून पाहिलं असेल.

त्यानंतर ती माझ्याशी फार मऊ वागू लागली. माझ्या ताटात वरणावर तूप जास्त. मी चिडलो तरी उत्तर नाही. माझी चप्पल पुसून दारात ठेवायची, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीसुद्धा तिनं कधी असं केलं नव्हतं. मी ते घरधन्याचा मान म्हणून घेतलं. दर महिन्याला नव्या बाटल्या आल्या की ती कुठं बाहेर गेल्याचं पाहून मी दोन वाट्या काढत असे.

पराटी, म्हणजे कपाशी, वेचणीला आली. ते गुलाबी बोंडअळीचं वर्ष होतं. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी आणि कुजका कापूस. दहा बोंडं फोडावीत तेव्हा एक चांगलं निघायचं. जे निघेल ते वेचायचं म्हणून बायकोही बायांच्या संगं वावरात यायची. उठताना डोळ्यांपुढं अंधारी येते, असं ती दोन-तीनदा बोलली. मी म्हटलं, मीठ बंद केलं ना, त्यानं येत असंल. एका सकाळी कमरेला ओटी भरलेली, ती तासातून उभी राहिली आणि तशीच आडवी झाली. उजवा हात अंगाखाली आला. मनगट मोडलं.

दवाखान्यात तिचं प्रेशर इतकं खाली निघालं की डॉक्टरीणबाई स्वतः धावत आली. तिला वाटलं, आजींच्या बाटलीत खरी गोळी असेल आणि ती त्यांना झेपली नाही. तिनं बायकोची गोळी त्याच दिवशी बंद केली. कागदांवर कायकाय लिहीत होती. मला विचारलं, बाबा, घरी काही वेगळं खाण्यात आलं का, दुसरं कोणतं औषध? मी म्हटलं, नाही. बायको खाटेवर होती, हाताला प्लास्टर. तीही काही बोलली नाही.

आता तिची बाटली बंद, म्हणजे माझ्या हाती राहिली ती माझीच. नॉनबीटीची. ती खाऊन काय करायचं? रोज सकाळी एक गोळी काढायचो आणि उकिरड्यावर फेकायचो. जिथं सरकीच्या पुड्या फेकल्या तिथंच. महिन्याच्या शेवटी नर्स मोजायची आणि म्हणायची, बाबा, आता कसे शहाण्यासारखे वागता.

त्या हिवाळ्यात कृषीचे साहेब गावात आले होते. ते म्हणाले, धुऱ्यावर साधी सरकी कोणीच पेरली नाही, म्हणून अळी बीटी पचवायला शिकली. त्या सभेला मी खुर्चीवर बसलो नाही. मागं बसलो.

वर्ष भरलं. डॉक्टरीणबाई एकेका घराला शाळेच्या खोलीत बोलावून त्यांची बाटली उघडून सांगत होती. आमचा नंबर आला. तिनं दोन कागद समोर ठेवले.

"बाबा, तुमची गोळी खरी होती. आजींची साधी."

मी म्हटलं, उलटं झालं असंल, पुन्हा पाहा. तिनं पुन्हा पाहिलं. तेच. मग तिनं सांगितलं ते असं: पहिले तीन महिने आजींची सूज उतरली ती मीठ सोडल्यानं आणि गोडं पाणी प्यायल्यानं, ते त्यांचं स्वतःचं काम. तुमच्या रक्तात त्या तीन महिन्यांत खऱ्या गोळीचा गुण दिसतो, पण ठेचा खाऊन तुम्ही सूज उतरू दिली नाही. पुढं मात्र सगळं उलटं होतं. साध्या गोळीवर आजींचं प्रेशर असं कसं कोसळलं, आणि खऱ्या गोळीवर तुमचं वर कसं चढलं, याचा अर्थ मला लागत नाही. माझं काही चुकलं का, हे शोधते आहे.

आपलं काही चुकलं का, असं ती म्हणाली. मी खिडकीतून पटांगणातल्या लिंबाकडं पाहत बसलो.

घरी येताना बायको माझ्या बरोबरीनं चालत होती. एरवी ती दोन पावलं मागं असते. मनगट जुळलं होतं, पण वाकडं. त्या हातानं तिनं पदर सावरला आणि बोलू लागली.

"मले माहीत होतं तुमी गोळ्या बदलवल्या ते."

माझे पाय थांबले. ती सांगत गेली. चतुर्थी, एकादशी, असे चार उपास त्या महिन्यात तिनं केले होते, आणि गोळीनं उपास मोडतो म्हणून चारही दिवस गोळी खाल्ली नव्हती. नर्स रागावेल म्हणून ती जीव मुठीत धरून बसली होती. पण नर्सनं तिच्या गोळ्या बरोबर सांगितल्या, आणि चार उरल्या त्या माझ्या बाटलीत. त्याच घडीला तिनं ओळखलं.

"म्या म्हटलं, यायनं आपली खरी गोळी मले देली. तोंडानं कधी सांगनार नाही, सभाव तसा. मंग म्या उपासालेही गोळी सोडली नाही. तुमी माह्यासाठी आपला जीव धोक्यात घातला, अन् मी एकादशीसाठी सोडू? आता मॅडमही तेच बोलल्या ना, खरी तुमचीच होती."

रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, चाल, ऊन वाढून राह्यलं.

आठ दिवस मी एकच हिशेब करत राहिलो. तिनं एकही गोळी चुकवली नाही, कारण तिला ती माझी भेट वाटली. चार उपासांना तरी ती सुटली असती. नवव्या दिवशी मी एसटीनं तालुक्याला गेलो आणि डॉक्टरीणबाईला सगळं सांगितलं. दोन वाट्या, उकिरडा, सगळं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं पेनाचं टोपण लावलं.

म्हणाली, तुम्हा दोघांचं वर्षभराचं रक्त, लघवी, सगळं आता जसं धरलं होतं तसं धरता येणार नाही, तशी नोंद करावी लागेल. मग विचारलं, त्या पडल्या त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं ना? मी हो म्हटलं. त्या दिवशी सांगितलं असतं, ती म्हणाली, तर मी चुकीच्या जागी शोधत बसले नसते. मी विचारलं, प्रेशर उतरल्यानं तिची किडनी जास्त बिघडली का? तिनं आमचे दोन्ही कागद पुन्हा पाहिले.

"बिघडली असं मला म्हणता येत नाही, बाबा. नाही बिघडली असंही म्हणता येत नाही."

मी उठलो तेव्हा तिनं विचारलं, आजींना सांगितलंत? मी नाही म्हटलं. ती म्हणाली, ते तुमचं तुम्हीच सांगायचं आहे. माझं धुऱ्याच्या तासांचं उदाहरण ती अजून सांगते का, हे विचारायला माझी जीभ उचलली नाही.

त्यालाही आता काही वर्षं झाली. माझं प्रेशरच्या गोळीवर निभावलं. ठेचा सुटला, विहीर सुटली, आता मीही टँकरचंच पाणी पितो. तिचं निभावलं नाही. आठवड्यातून दोनदा खामगाव, चार-चार तास मशीनवर. एसटीत तिची पिशवी मी धरतो. इतक्या फेऱ्यांत मी सांगायचं ठरवलं आणि दर वेळी कुठला तरी थांबा यायचा, कोणी चढायचं, कोणी उतरायचं. एवढी वर्षं कोणासमोर मान न वाकवलेल्या माणसाला एक वाक्य जड झालं होतं.

गेल्या पोळ्याच्या आधी एकदा गाडी वाटेत थांबून राहिली. चाक पंक्चर. माणसं खाली उतरली, आम्ही दोघं आत राहिलो. मी बोललो.

"ऐक वं. म्या तुले खरी गोळी देली नोती. मले वाटलं तुही गोळी खरी हाय. म्हनून घेतली. तुह्या तोंडची काढून घेतली म्या."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. लेकरू खोटं बोलताना दिसलं की बाई पाहते तसं.

"काऊन असं बोलता आता? माह्या मनावर ओझं राहू नये म्हनून ना?"

मी म्हटलं, खरं सांगून राह्यलो, देवाची आन. दोन वाट्या, दोस्ताचा टोमणा, सगळं सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग माझ्या हातातून पिशवी घेतली, आतून केळं काढलं, किडनीच्या माणसाला केळं चालत नाही म्हणून ते तिनं माझ्यासाठीच आणलं होतं, सोललं, आणि वाकड्या मनगटानं माझ्यापुढं धरलं.

"तुमाले चांगलं म्हटलेलं पहिल्यापासूनच सोसत नाही," ती म्हणाली. "खा. सकाळपासून पोटात काही नाही."

गाडी सुरू झाली. मी केळं खाल्लं.

जन्मभर मी जे बोललो ते तिनं खरं धरलं. पेरणीचं, पाण्याचं, पोरांच्या लग्नाचं, कितीतरी चुकीचं. हे एकच तिनं धरलं नाही. त्यानंतर मी दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा ती चिडली, म्हणाली, मशीनवर बसवता अन् माझं एवढंही काढून घेता का? मग मी थांबलो. हे तरी तिच्याकडून काढून घ्यायचं नाही, एवढं मला समजलं.

काल बाकावर एक नवी बाई होती, उंद्रीकडची. तिच्या नवऱ्याची पहिलीच वेळ होती, बिचारी घाबरलेली. बायकोनं तिचा हात धरला आणि तिला धीर द्यायला ती गोष्ट काढली. यायनं आपली गोळी मले देली. बाईनं डोळे पुसले आणि मला नमस्कार केला. मी मान खाली घातली. माझी बायको तिला हळूच म्हणाली, पाह्य, लाजले.

लाजलोच होतो.